मदत हवी आहे: घरी एकच पीसी, वापरणारे चार, बँकेसाठी वेगळा ब्राउझर ठेवून काही फायदा होतो का?

टेकडीवरचा

मंडळी, घरी एकच डेस्कटॉप आहे, विंडोज ११. बाबा रिटायर झालेत, त्यांचं पेन्शन बघणं, एफडी, लाइट बिल सगळं नेटबँकिंगवर. माझं ऑफिसचं थोडंफार आणि इन्कम टॅक्सचं पोर्टल, बायकोच्या ऑनलाइन ऑर्डरी, आणि चिरंजीव दहावीत आहेत म्हणजे अभ्यास कमी आणि गेमचे मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फायली) शोधणं जास्त. हे सगळं एकाच विंडोज लॉगिनवर, एकाच क्रोममध्ये चालतं. बाबांचा बँकेचा टॅब उघडा आणि शेजारच्या टॅबमध्ये चिरंजीवांचं डाउनलोड चालू.

आता हल्ली उजव्या कोपऱ्यात सारखं "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे, लगेच फोन करा" असं यायला लागलंय, बाबा नंबर फिरवायच्या बेतात होते, बायकोने थांबवलं.

तर मी ठरवतोय की क्रोम सगळ्यांना, फायरफॉक्स फक्त बँकेला, आणि एज तर आहेच आधीपासून. पण बाबांचे मित्र म्हणतात दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले की भांडतात तसे दोन ब्राउझर पण भांडतात. खरंय का? एकातले पासवर्ड दुसऱ्याला दिसतात का? आणि क्रोममध्येच चार प्रोफाइल केले तर नाही का चालणार, उगाच कशाला तीन तीन?

निवांत

भांडत नाहीत हो. अँटिव्हायरस फाइलींवर सतत नजर ठेवतो म्हणून दोघांची टक्कर होते, ब्राउझरचं तसं नाही, प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, कुकीज हिस्टरी पासवर्ड सगळं ज्याचं त्याच्याकडे. फक्त एज सुरुवातीला क्रोममधलं सगळं इकडे आणू का विचारतो, आणि दर वेळी उघडल्यावर आणू का असंही विचारतो, तिथे घाईत हो म्हणू नका नाहीतर वेगळं ठेवण्याला अर्थच नाही.

दुसरं म्हणजे जानेवारी २०२० पासून एज पण क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच इंजिनावर आहे, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हेही तेच. इंजिनातच भोक निघालं तर बहुतेक वेळा सगळ्यांनाच अपडेट लागतो. त्यामुळे दुसरा ठेवायचा तर फायरफॉक्स हे बरोबर निवडलंत, त्याचं इंजिन वेगळं आहे. जो ब्राउझर कोणी वापरत नाही तो काढून टाका, आणि फायरफॉक्स महिन्यातून एकदाच उघडणार असाल तर आधी अपडेट झालाय का बघायचं, मग बँक.

पेठकर काकू

बँकेत होते म्हणून सांगते. बँकेचा ब्राउझर डिफॉल्ट ठेवू नका. मेलमधली लिंक डिफॉल्टमध्ये उघडते, आणि तिथे बाबा बँकेत लॉगिन नसतातच, सवयच लागते की बँक म्हणजे तो दुसरा आयकॉन. बँकेचा पत्ता बुकमार्क करून द्या, सर्चमध्ये बँकेचं नाव टाकून जाऊ देऊ नका, वरती जाहिरातीत खोट्या साइट येतात. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन पत्त्यावर जायला सांगितलं होतं, बुकमार्क जुना असेल तर बदलून घ्या. आणि त्या फायरफॉक्समध्ये एकही एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) नको, कूपन शोधणारं तर मुळीच नको. एक्स्टेंशनला "सर्व साइटवरचा डेटा वाचण्याची" परवानगी दिली की बँकेचं पान पण त्यातच आलं ना.

भुंगा

वरचं सगळं मान्य, पण मूळ दुखणं राहिलंच. तुमचा मुलगा ज्या झिपमधून मॉड काढतो त्यात पासवर्ड चोरणारं काही असलं तर ते एकच ब्राउझर बघत नाही, त्या विंडोज अकाउंटमधल्या सगळ्या ब्राउझरच्या फोल्डरमध्ये हात घालतं. क्रोम काय नि फायरफॉक्स काय. प्रोफाइलने तर एवढंही होत नाही, बुकमार्क आणि लॉगिन वेगळे होतात पण कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक केलं की कोणीही कोणाच्याही प्रोफाइलमध्ये.

आधी चिरंजीवांना वेगळं विंडोज अकाउंट द्या, स्टँडर्ड, अ‍ॅडमिन नाही. बाबांना पण वेगळं स्टँडर्ड. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. मग मुलाच्या अकाउंटमध्ये काही शिरलं तरी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळाल्याशिवाय ते सहसा बाबांच्या फायलींपर्यंत पोचत नाही. वेगळा ब्राउझर हे त्यानंतरचं.

टेकडीवरचा

भुंगा, हे डोक्यातच नव्हतं. आजच करतो, घरात थोडी बोंब होईल. पण तो व्हायरसचा मेसेज? अँटिव्हायरसने तर काही सापडलं नाही म्हणून सांगितलं.

निवांत

तो बहुतेक व्हायरस नाहीच, कुठल्यातरी साइटने "रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" म्हटलं आणि कोणीतरी दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथल्या अनोळखी साइट सगळ्या काढा. बाबांच्या फायरफॉक्समध्ये नोटिफिकेशनची विचारणाच बंद करून ठेवा. नंबर कधीच लावायचा नाही, ते स्क्रीन शेअर करायला लावतात. चुकून पैसे गेलेच तर विचार करत न बसता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

टेकडीवरचा

नोटिफिकेशनमध्ये चिकार साइट निघाल्या, कसली कसली नावं. उडवल्या. आता शेवटचं, बाबांचे बँकेचे पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह आहेत ते डिलीट करून टाकू ना?

पेठकर काकू

थांबा. बाबांचा फोन त्याच गूगल अकाउंटवर सिंक असेल तर इथून उडवले की फोनमधूनही जातील. आधी कागदावर उतरवून कपाटात ठेवा, मग उडवा, मग बँकेचा पासवर्ड बदलाच कारण इतके दिवस सगळ्यांच्या हाताखाली होता.

भुंगा

आणि एक्स्पोर्ट करून फायरफॉक्समध्ये घेणार असाल तर ती सीएसव्ही फाइल उघडी वाचता येते, काम झालं की डिलीट करून रिसायकल बिन पण रिकामी करा.