शब्दचर्चा : ‘सेसपूल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : लंडनच्या सोहो भागातल्या १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीवर शाळकरी मुलांसाठी लिहितोय. ‘सेसपूल’वर अडलो. मी ‘सेप्टिक टँक’ लिहिलं, मित्र म्हणतो ‘गटार’ लिही.

उत्तर : दोन्ही नकोत. गटार वाहतं, सेसपूल साचतो. विटांनी बांधलेला खड्डा; मैला तळाला राहायचा, पाणी फटींतून जमिनीत मुरायचं. सेप्टिक टँक हे नाव थेट १८९५ च्या सुमाराचं, एक्झिटर शहरातलं. शिवाय टाकी म्हटली की ती बंदिस्त वाटते, आणि सोहोत घात झाला तो मुरण्यानेच. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० नंबरच्या घरात तान्ह्या मुलीला जुलाब लागले. आईने लंगोट धुतलेलं पाणी सेसपूलमध्ये ओतलं. पुढल्या वर्षी खणून पाहिलं तर खड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या, आणि सार्वजनिक पंप ज्या विहिरीवर होता, ती तिथून तीन फुटांवरही नाही! त्या साथीत सहाशेच्या वर माणसं गेली.

– मग शोषखड्डा? आमच्या गावी सर्रास म्हणतात.

– मुरणं त्यात नेमकं येतं, म्हणून मलाही मोह झाला होता. पण आपल्या शोषखड्ड्यात न्हाणीचं, मोरीचं पाणी सोडतात. मुलांना वाटेल, भांड्यांच्या खरकट्या पाण्याने माणसं मेली. मी ‘मैलाखड्डा’ म्हणेन, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘झिरपता मैलाखड्डा’.

– हे खड्डे रात्री उपसून मैला शेतीला विकत, त्याला इंग्रजीत ‘नाइट सॉइल’. ‘रातमाती’ करू नका, आपल्याकडे ‘सोनखत’ आहे. किती सुंदर शब्द! इंग्रजीत उपशाची वेळ दिसते, मराठीत खताचं मोल.
उपसणाऱ्यांना मात्र आपल्याकडचं जातीचं नाव कृपया देऊ नका. लंडनमध्ये तो पैसे घेऊन करायचा धंदा होता, जन्माने गळ्यात पडलेलं काम नव्हे. ‘मैला उपसणारे’ पुरे.

– आणि ‘पंप’चं काय? कॉलरा पाण्यातून पसरतो असं मांडणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांनी त्या विहिरीवरच्या पंपाचं हँडल काढायला लावलं, हे वाक्य मुलांना कोरडं वाटतंय.

– हापसा! गावातल्या कुठल्याही पोराला हापशाचा दांडा माहीत असतो.

– सर्वांचे मनापासून आभार. आता वाक्य असं झालंय : ‘झिरपत्या मैलाखड्ड्यातलं पाणी विहिरीत उतरत होतं, ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढला.’