दुःखानंच श्रद्धा खोल होते का? (निमित्त पंडिता रमाबाई)

भिंगारवाला:
जय ख्रिस्त मंडळी. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी रमाबाईंचा दाखला दिला. दुष्काळात आईवडील, बहीण गेली, 1880 ला भाऊ, 1882 ला पटकीनं नवरा. पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. सगळं गेलं म्हणूनच बाई प्रभूपर्यंत पोचल्या, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. माझा धंदा बसला तेव्हाच मी बायबलातली स्तोत्रसंहिता नीट वाचली. त्याआधी बायबल शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी. सुखात कोण गुडघे टेकतो?

निरीश्वर_पुणेकर:
बुडणारा हाताला येईल ती फळी धरतो, एवढंच. आणि दाखला अर्धाच का? रमाबाईंसोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी 1883 मध्ये वाँटेजलाच आत्महत्या केली. तोच परका मुलूख, तेच एकटेपण. त्यांचं नाव कुठल्या उपासनेत घेतात? जे तरतात तेच साक्ष द्यायला उभे राहतात.

लसणाची_चटणी:
मी बाप्तिस्मा झालेली, तरी पुणेकरांच्या बाजूने. रमाबाईंनी 1907 मध्ये स्वतःच लिहिलंय. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला पाठवलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे भगिनी मायेनं सांभाळत होत्या. हे का करता, असं विचारल्यावर एकीनं योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली, येशू शोमरोनी स्त्रीशी बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. तिथे बाई हलल्या. घरची मरणं आधीच होऊन गेली होती, त्यांनी हे झालं नव्हतं. पुढे आठेक वर्षांनी उमगलं की धर्म मिळाला, ख्रिस्त अजून नाही. तेव्हाही निमित्त एका पुस्तकाचं.

माझा भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा चर्चमधले जो तो येऊन सांगायचे, देव आवडत्यांनाच कसोटीला लावतो. आई मान हलवायची नि ते गेले की दार जरा जोरात लावायची. एक म्हातारी मावशी मात्र काही बोलली नाही. आईला पुढ्यात बसवून तेल लावलं, गुंता सोडवत केस विंचरले, डब्यातली शेवग्याची आमटी गरम करून वाढली. त्या रात्री आईनं कितीतरी दिवसांनी प्रार्थना म्हटली.

बायबलात सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले होते तोवर बरे होते. तोंड उघडून कारणं द्यायला लागले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. रडून भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

भिंगारवाला:
ताई, मावशीचं मान्य. पण 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती मुलगी! तरी बाई स्वतः केलेल्या मराठी बायबल भाषांतराची मुद्रितं तपासत राहिल्या नि 1922 च्या एप्रिलमध्ये काम उरकूनच गेल्या. तिथे कुठलं फुलहॅम होतं?

निरीश्वर_पुणेकर:
हाती घेतलेलं काम पुरं करायची खोडही असते माणसाला. माझ्या आजोबांना होती, देव न मानता.

भिंगारवाला:
असेल. पण बाई दुसरं कुठलंही काम करू शकल्या असत्या.

लसणाची_चटणी:
त्याच बायबलात स्तोत्र 88 आहे, दादा. तक्रारीनं सुरू, तक्रारीतच बंद. इब्री भाषेत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना तेवढं वाचायला सांगा. अर्थ न सांगता.