पालार स्फोट : फाशी कायम झाल्यावर पुन्हा जन्मठेप कशी?

मूटकोर्टी
९ एप्रिल १९९३ ला वीरप्पनच्या टोळीने पालारजवळ सुरुंग लावून पोलीस, वनखात्याची माणसं आणि खबरे मिळून २२ जण उडवले. म्हैसूरच्या टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने २००१ मध्ये चौघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये ती वाढवून फाशी केली आणि २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने परत जन्मठेप केली. पुरावा कच्चा निघाला का? की दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून, आणि तो उशीर मोजतात कुठून कुठपर्यंत? मूट कोर्टात (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यात) मला सरकारची बाजू आलीय.

दफ्तरदार
पुराव्याला कोणी हातही लावला नाही. २००४ ची फाशी तर आरोपींच्याच अपिलात, न्यायालयाने स्वतःहून शिक्षा वाढवून दिलेली. चौघे बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात होते. दयेचा अर्ज २००४ चा, राष्ट्रपतींनी फेटाळला फेब्रुवारी २०१३ मध्ये. या नऊ वर्षांवरच 'शत्रुघ्न चौहान' निकाल (२१ जानेवारी २०१४) उभा आहे. त्यात या चौघांसह एकूण १५ जणांची फाशी रद्द झाली.

मोजायचं कसं, तर खटला, अपील, पुनर्विलोकन यांत गेलेला काळ धरायचा नाही, हे 'त्रिवेणीबेन' निकालापासून (१९८९) ठरलेलं आहे. दयेचा अर्ज सरकारदरबारी किती काळ पडून राहिला एवढंच बघतात. त्यामुळे 'वीस वर्षं झाली हो' हा युक्तिवाद कुणाच्याच कामाचा नाही. तारखांचा तक्ता करा : अर्ज कधी, राज्यपालांचा निर्णय कधी, गृह मंत्रालयाने शेरा मारून फाईल वर कधी पाठवली, निर्णय कधी, कैद्याला कळवलं कधी. दोन तारखांमध्ये मोठी फट असेल आणि तिचं कारण फाईलवर नसेल, तर सरकार तिथेच हरतं.

खाकी_समर्थक
म्हणजे बावीस जीव एका पारड्यात आणि कारकुनी दिरंगाई दुसऱ्यात? शिवाय दिल्ली बॉम्बस्फोटातल्या 'भुल्लर' प्रकरणात (एप्रिल २०१३) टाडाच्या गुन्ह्यांना उशिराचा फायदा नाही असं म्हटलंच होतं.

दफ्तरदार
तेच तर २०१४ मध्ये मोडीत निघालं. अनुच्छेद २१ (जगण्याचा हक्क) गुन्ह्याचं नाव विचारत नाही असं 'शत्रुघ्न चौहान'मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं. पुढे मार्च २०१४ मध्ये खुद्द भुल्लरचीही फाशी गेली. मूटमध्ये भुल्लरचा तो २०१३ चा दोन न्यायमूर्तींचा निकाल वाचायला घेतलात तर परीक्षक तिथेच अडवतील. राग समजतो, पण तो फाईल दाबून बसणाऱ्यांवर काढा.

सरकारी_बाजू
मूटकोर्टी, तुमच्या हातात दोनच चांगल्या गोष्टी आहेत. एक, ठरावीक वर्षांची मर्यादा नाही. दोन वर्षं उशीर झाला की फाशी रद्द, हा 'वथीश्वरन' निकालाचा नियम १९८३ मध्ये आला आणि त्याच वर्षी 'शेरसिंग' निकालात गेला. दोन, कैद्यानेच वारंवार अर्ज करून किंवा स्थगिती घेऊन खाल्लेला वेळ वजा मागा, पण तो तारखेनिशी दाखवा. मोघम लिहिलंत तर मिळणार नाही.

अर्ज फेटाळल्यावरही घड्याळ थांबत नाही, हे बहुतेक जण विसरतात. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी खून प्रकरणात राष्ट्रपतींचा नकार २०१७ चा आणि फाशीचं वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी ३५ वर्षं दिली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ते कायम ठेवलं. वॉरंट कैद्याच्या हातात पडल्यापासून फाशीपर्यंत १५ दिवस मोकळे हवेत, हेही त्यातच आहे.

मूटकोर्टी
फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेने हे सगळं मिटलं नाही का?

सरकारी_बाजू
अर्धवट. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ प्रमाणे कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज, राज्यपालांनी फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचे अभिप्राय मिळाल्यावर केंद्राने ६० दिवसांत शिफारस करायची, आणि राष्ट्रपतींचा आदेश ४८ तासांत राज्याला व तुरुंगाला कळवायचा. राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यायचे आणि राष्ट्रपतींनी निर्णय कधी घ्यायचा, याला मुदत नाही. फाईल रखडायच्या जुन्या जागाही नेमक्या याच. निर्णयावर अपील नाही असं कलम म्हणतं, पण अनुच्छेद ३२ आणि २२६ खालची रिट (सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात थेट दाद) त्याने बंद होत नाही. समोरची बाजू तिथूनच येईल, तयारी त्याची ठेवा.