नुसतं आय७ बघून घेऊ नका

दादा, लॅपटॉपचा इंटेल आय७ प्रोसेसर डेस्कटॉपच्या आय५ला सहज मागे टाकेल असं तुम्ही लिहिलंय, पण नावातलं शेवटचं अक्षर बघा, यू म्हणजे कमी विजेवर चालणारा. कोअर आय७-१३५५यू आणि डेस्कटॉपचा आय५-१३४००, दोन्ही १० कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग). पण लॅपटॉपच्या १०मध्ये दमदार कोअर फक्त २, उरलेले ८ वीज वाचवणारे. आय५मध्ये दमदार ६. मूळ वीजमर्यादाही लॅपटॉपची १५ वॅट आणि डेस्कटॉपची ६५ वॅट.

शहापुरात आमच्या घरी लग्नाचे व्हिडिओ एडिट होतात. यू वाल्या लॅपटॉपवर एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) लावलं की पहिली दोन-तीन मिनिटं झकास. मग पंखा घोंगावतो, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देते आणि टास्क मॅनेजरमधला वेग ४ गिगाहर्ट्झवरून २च्या आसपास येऊन बसतो. एप्रिलात तर फारच. डेस्कटॉपला मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा), हवा खेळायला जागा, त्यामुळे तासभर तोच वेग टिकतो.

टॅली, टायपिंगला फरक जाणवणार नाही. तुमच्या खानापूरकडे करंट सारखा जातो म्हणून लॅपटॉपच हवा असेल तर एच वाला घ्या. आय७-१३६२०एच ४५ वॅटचा आहे, दमदार कोअर ६.