ग्लूटेनमुक्त किराणा : खास दुकानातून नेमके काय घ्यावे आणि काय नको?

नमस्कार.

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला साडेतीन महिन्यांपूर्वी सीलिएक आजाराचे निदान झाले, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे तिच्या लहान आतड्याला इजा होते. पोट फुगणे, वजन न वाढणे आणि लोहाची औषधे देऊनही हिमोग्लोबिन जागचे न हलणे असे वर्षभर चालले होते. आधी रक्ताची टीटीजी (या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी आणि नंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी झाल्यावर शंकेला जागा उरली नाही. गहू, जव आणि राय ही धान्ये आता तिला जन्मभर वर्ज्य आहेत. आजाराविषयी आमचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ समर्थ आहेत; माझा प्रश्न केवळ किराण्याचा आहे.

निदान झाल्याच्या आठवड्यातच आम्ही पुण्यातल्या, फक्त ग्लूटेनमुक्त जिन्नस ठेवणाऱ्या एका दुकानात गेलो. घाबरलेले आईबाप जशी खरेदी करतात तशीच आम्ही केली, आणि चार हजारांहून अधिक बिल झाले. घरी पिशव्या रिकाम्या केल्या तेव्हा टेबलावर ज्वारीचे पीठ, तांदळाचे पीठ, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू, पोहे आणि तीन प्रकारची बिस्किटे होती. सासूबाईंनी एकेक पुडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, यातलं निम्मं तर आपल्या वाण्याकडे मिळतं, तेही तिप्पट स्वस्त!"

त्यांचे म्हणणे मला पटले, पण पूर्णपणे पटले नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा आणि शिंगाडा यांत मुळातच ग्लूटेन नसते, हे खरे. परंतु वाण्याकडचे सुटे ज्वारीचे पीठ ज्या चक्कीवर दळले जाते तिच्यावर त्याआधी गहू दळलेला असतो, आणि आपल्या मानकांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असलेल्या पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणता येते. किलोभर ज्वारीच्या पिठात चमचाभर कणीक मिसळली तरी ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. म्हणजे खास दुकानात आपण ज्वारीचे पैसे देत नाही, ती वेगळी दळली गेल्याच्या खात्रीचे देतो, असा मी अर्थ लावला. प्रत्येक जिनसासाठी ही खात्री विकत घ्यावी लागते का, हे मात्र मला अजून उमगलेले नाही.

शिवाय ही खात्री दुकानाच्या पाटीवरून मिळत नाही, हेही आता कळले आहे. दुसऱ्या एका दुकानात, 'ग्लूटेन-फ्री' असे लिहिलेल्या मांडणीवरच, खपली गव्हाचा रवा ठेवला होता, आणि विक्रेत्याने "यात ग्लूटेन अगदी कमी असतं, मुलांना चालतं" असे निःशंकपणे सांगितले. खपली हा गहूच आहे. साध्या गव्हाची पोळी जड वाटते म्हणून खपली खाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि सीलिएकच्या रुग्णाची वेगळी, हा फरक विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर गिऱ्हाइकाने काय करावे? तेव्हापासून मी पुड्यावरची घटकांची यादी आणि तिच्याखालची अ‍ॅलर्जीविषयक सूचना वाचल्याशिवाय काहीही घेत नाही. ओट्ससुद्धा पुड्यावर ग्लूटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख नसेल तर परत ठेवते, कारण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यांत गहू मिसळण्याची शक्यता असते.

आमची सर्वांत मोठी चूक मात्र दुकानात नव्हे, घरातच झाली. दुसऱ्या महिन्यात तिचे पोट पुन्हा दुखू लागले आणि आम्ही तिला पथ्याचे म्हणून काय दिले, तर मेतकूट-भात! मेतकुटात डाळींबरोबर गहूही भाजून घातलेला असतो, हे मी स्वतः दरवर्षी करत असूनही त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. मग एकेक डबा तपासला. बांधानी हिंगात गव्हाचे पीठ निघाले, म्हणजे रोजच्या आमटीच्या फोडणीतून ते तिच्या पोटात जातच होते. थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात गहू, उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया तर गव्हाच्याच. सोया सॉसमध्येही गहू असतो, हे त्याच्या बाटलीवर वाचले.

आता जाणकारांना विचारायचे ते असे. तांदळाचे पीठ मिसळलेला, ग्लूटेनमुक्त असे स्पष्ट छापलेला हिंग खास दुकानातूनच घ्यावा लागतो, की नेहमीच्या किराणा दुकानात तो खात्रीने मिळतो? बेसन आणि दळलेले मसाले तुम्ही कुठून घेता? अख्खी ज्वारी आणून, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावी असे माझ्या मनात आहे, कारण अख्ख्या धान्यात गव्हाचा दाणा निदान डोळ्यांना दिसतो, पिठात दिसत नाही. आमच्या गिरणीवाल्या काकांनी सकाळी सर्वांत आधी आमचे दळण घेण्याची तयारी दाखवली आहे, पण आदल्या दिवशीचे पीठ जात्याच्या दगडांत राहतेच, म्हणून मन धजावत नाही. ज्यांच्याकडे सीलिएकचा रुग्ण आहे आणि ज्यांनी घरघंटी घेतली आहे, त्यांनी तिच्यावर गहू अजिबात न दळण्याचा नियम पाळला का, आणि खास दुकानातल्या पिठावरचा खर्च वाचून तिची किंमत साधारण किती काळात वसूल झाली, हे सांगितल्यास फार उपकार होतील.

दुसरी अडचण डब्याची. सकाळी सातला केलेली ज्वारीची भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत कडक होते आणि डबा तसाच परत येतो. खास दुकानात पोळीसाठी मिळणाऱ्या तयार पिठात इसबगोल किंवा झॅन्थन गम (पीठ बांधून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) घातलेला असतो. त्याची पोळी मऊ राहते, पण महिनाभर तेच वापरणे आमच्या खिशाला झेपणारे नाही. उकड काढून भाकरी केल्याने थोडा फरक पडला. इसबगोल घरच्या पिठात मिसळून कुणी पोळ्या करत असेल तर वाटीभर पिठाला किती घालावे आणि पीठ किती वेळ भिजू द्यावे, हे कृपया नेमक्या मापासह लिहावे.

पुण्यातल्या किंवा पिंपरी-चिंचवडमधल्या, स्वतः वापरून पाहिलेल्या दुकानांची नावे व्यक्तिगत निरोपातून कळवली तरी चालेल. गणपतीत उकडीचे मोदक तिला खाता येतील, एवढ्यानेच ती खूश आहे. तेवढी तांदळाची पिठी मी कुठून आणावी, हे आधी कळले तर बरे होईल.