तपासणी झाली, तरी पिस्तूल मिळालं

सरकारने मानसिक आरोग्यावर पैसा ओतला की अमेरिकेतले सामूहिक गोळीबार आटोक्यात येतील, असं अनेकदा म्हटलं जातं. हा मुद्दा अर्धाच पटतो.

२००७ चा व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठातला गोळीबार घ्या. ३२ जणांचे जीव घेणारा तो विद्यार्थी यंत्रणेला ठाऊक होता. डिसेंबर २००५ मध्येच कोर्टाने त्याला स्वतःच्या जिवाला धोका ठरवून बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता. ते उपचार होतायत का, हे कुणी बघितलंच नाही. त्यात रुग्णालयात भरती करायचा आदेश असेल तरच व्हर्जिनिया राज्य बंदूक घ्यायला बंदी असलेल्यांच्या केंद्राच्या यादीत नाव कळवायचं. याचं गेलं नाही. कोर्टाने असं ठरवलेल्याला बंदूक घ्यायला केंद्राच्या कायद्याने बंदी असूनही रीतसर तपासणी होऊन त्याला दोन पिस्तुलं मिळाली. अशा नोंदी पाठवायला राज्यांना निधी देणारा कायदा आला २००८ मध्ये. वरातीमागून घोडं!

दवाखाना, कोर्ट आणि बंदुकीचं दुकान यांचा सांधाच जुळत नसेल तर नुसते समुपदेशक वाढवून काय होणार? मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक कुणावर हातही उगारत नाहीत. त्यातून नेमका गोळीबार करणारा आधी हुडकणं जवळपास अशक्य. मात्र तिथल्या बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्या रोखायला हा पैसा नक्की कामी येईल.