मदत हवी आहे : पहिलीचा वर्ग, घरी कन्नड बोलणारी मुलं

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या सीमेलगतच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आजवर चौथी-पाचवी शिकवली, यंदा पहिली मिळाली. निम्म्या मुलांच्या घरी कन्नडच. एक मुलगी तर पाठीवरचं दप्तर काढतच नाही, दारापाशी बसून फ्रॉकचं टोक चावते. मराठी कळत नाही म्हणून तिला कुणी मठ्ठ समजू नये, याचीच फार काळजी वाटते.

मुळाक्षरांची घाई करणार नाही. शाळापूर्व तयारी मेळाव्यात आयांचा गट झालाय. त्यांना वर्गात कन्नडमधून गोष्ट सांगायला बोलवावं का? सीमाभागात पहिली सांभाळलेल्यांनी सांगा, सुरुवातीचे पंधरा दिवस काय घेतलंत? दोन्ही भाषांत म्हणता येतील अशी बडबडगीतं कुणाकडे आहेत का? मला कन्नड मोडकंतोडकं येतं, शिकायची तयारी आहे.